डोळ्यांखाली बारीक पांढरे दाणे : काढायचे कसे, पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय २६, राहते सांगलीत. दिवाळीच्या सुमारास तिच्या डोळ्यांखाली आणि गालांच्या वरच्या भागात बारीक पांढरे दाणे दिसायला लागले. खसखशीएवढे, हाताला कडक. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पिकत नाहीत. मुरूम निदान चार दिवसांनी बसतो तरी, हे जिथे उगवले तिथेच आहेत आणि आता उजव्या पापणीच्या काठावरही एक आलाय.

फेब्रुवारीत तिचं लग्न आहे, त्यामुळे घरात जो तो काही ना काही सुचवतोय. मावशी म्हणते कॅल्शियम कमी आहे. पार्लरवाली म्हणते, 'दोन मिनिटांचं काम, सुईने काढून देते.' कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली आहे, 'पंधरा दिवसांत चेहरा एकदम क्लीन' असं सांगून. ट्यूब अजून उघडलेली नाही, कारण मी तिला म्हटलं, आधी इथे विचारू.

ज्यांना हा त्रास झालाय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा. हे नक्की काय आहे आणि लग्नाआधी जाईल का?

रमाकाकू रत्नागिरी

अगं, आमच्याकडे मसुरीच्या डाळीचं पीठ साईत कालवून लावायचे आणि हलक्या हाताने चोळून काढायचे. मुरमांच्या डागांवर जायफळ दुधात उगाळून. मी स्वतः मुलींना केलंय, कातडी छान मऊ राहते. पोट साफ असू दे, जागरण नको. पण सुई मात्र लावू देऊ नकोस बाई. डोळ्याजवळची जागा फार नाजूक.

ठाणेकर स्वाती

ताई, माझं स्वतःचं पार्लर आहे म्हणून सांगते. वर्णनावरून हे मिलिया वाटतात. आमच्याकडे रोज कोणीतरी हे घेऊन येतं आणि 'क्लीनअपमध्ये काढून टाक ना' म्हणतं. ब्लॅकहेडला तोंड असतं, वाफ दिली, दाबलं की निघतो. ह्याला तोंडच नसतं. वरून कातडीचा पातळ पडदा असतो आणि दाणा त्याच्या खाली. वाफ देऊन, पट्टी लावून, स्क्रब घासून काहीही होत नाही, आजूबाजूची कातडी मात्र लाल होते. तुम्ही दाबत राहिलात तर तिथे काळा डाग पडतो आणि तो डाग दाण्यापेक्षा जास्त दिवस राहतो.

कातडीला छेद द्यायचं काम मी करत नाही. बऱ्याच पार्लरमध्ये करतात, एकच सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला वापरतात, हेही मी पाहिलंय. रक्त येतं तिथे नुसतं पुसून भागत नाही. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं रक्तातून जातं. सुई लावायचीच असेल तर ती डॉक्टरांनी, तुमच्यासमोर नवी फोडून.

आणि ती ट्यूब उघडू नका. आधी तिच्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते इथे टाका.

कृष्णाकाठची

स्वातीताई, खूप आभार. ट्यूबवर तीन नावं आहेत : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. खाली लाल चौकटीत काहीतरी इंग्रजीत आहे.

सातारी फार्मासिस्ट

तीच भीती होती. स्वाती यांनी विचारलं ते फार बरं केलं.

मी फार्मसी केलेला माणूस, स्वतःचं दुकान चालवतो, त्यामुळे हे माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतोय आणि मनापासून बोलतोय. ह्या तीन औषधांचं मिश्रण म्हणजे वांगावरचं औषध. त्याची मूळ कल्पना १९७५ सालची, अमेरिकेतल्या क्लिगमन या त्वचातज्ज्ञांची. त्यांच्या सूत्रात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत डेक्सामेथासोन होतं. आपल्याकडे त्याच्या जागी मोमेटासोन आलं. डॉक्टरांनी वांग बघून, थोड्या आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर लावायला दिलं तर ते काम करतं. तुमच्या बहिणीला वांग नाही. तिला हे द्यायचं काही कारणच नव्हतं.

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. चेहऱ्याला स्टेरॉइड लावलं की पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखी वाटते. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, पुरळ बसतं, रंग उजळ दिसतो. म्हणून माणूस दुसरी ट्यूब नेतो, तिसरी नेतो, मैत्रिणीला सांगतो. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं उठतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. ट्यूब बंद करावी तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस घाबरून परत लावतो. ह्या चक्रातून बाहेर यायला महिने लागतात. आपल्या देशात हा प्रकार इतका बोकाळला की भारतीय त्वचातज्ज्ञांनीच त्याला वेगळं नाव दिलं : टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. आणि इथे जो मुद्दा लागू होतो तो असा, की दीर्घकाळ स्टेरॉइड लावलेल्या कातडीवर मिलिया येतात. म्हणजे जे घालवायला ट्यूब आणली, तेच वाढण्याची शक्यता.

डोळ्यांखाली लावणं तर आणखी वाईट. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ. तिथून स्टेरॉइड डोळ्यापर्यंत पोचतं, डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदू, मोतीबिंदू हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत.

ती लाल चौकट म्हणजे शेड्यूल एच औषधाची सूचना : नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं ह्या यादीत पक्की बसवली, त्याआधी बरीचशी पळवाटेने मोकळी विकली जात होती. म्हणजे तुम्हाला ट्यूब देणाऱ्याने नियम मोडला आहे. परत करा, पैसे मागा.

सगळ्यांनीच घरातल्या ट्यूबा काढून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, मोमेटासोन यांतलं एकही नाव असेल तर ते चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावायचं नाही. नायट्यासाठी मिळणाऱ्या मिश्र मलमांतही बहुतेकदा हेच असतं, आणि घराघरांत तीच ट्यूब पुरळ, खाज, मुरूम, सगळ्याला चालते.

गोदातीर

+१. आमच्या शेजारच्या मुलीचं असंच झालं होतं. कॉलेजला जाणं बंद केलं होतं तिने. वाचून वाईट वाटलं, पण हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

डॉ पंचगंगा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात. फोटो न बघता निदान करत नाही, पण वर्णन मिलियाशी जुळतं म्हणून सविस्तर लिहितो.

कातडीचा सर्वांत वरचा थर सतत झडतो आणि खालून नवा येतो. तरुण माणसात हे चक्र साधारण महिन्याभराचं, वय वाढेल तसं ते लांबतं. ह्या झडणाऱ्या पेशींमध्ये केराटिन नावाचं प्रथिन भरलेलं असतं, केसांत आणि नखांत असतं तेच. कधी कधी बारीक लवेच्या मुळाशी ह्या पेशी बाहेर न पडता आतच अडकतात आणि त्यांच्याभोवती एक सूक्ष्म पिशवी तयार होते. ती पिशवी म्हणजे मिलिया. आकार बहुधा १ ते २ मिलिमीटर. आत पू नाही, चरबी नाही, जंतू नाहीत, कॅल्शियम तर नाहीच. त्यामुळे मावशींना सांगा, कॅल्शियमच्या गोळ्यांनी ना हे येतात ना जातात. पोट, उष्णता, रक्त अशुद्ध असणं यांचाही संबंध नाही. संसर्गजन्य नाहीत, टॉवेलमधून पसरत नाहीत. कर्करोग होत नाहीत.

म्हणजे पहिला पर्याय 'काहीही करू नका' हा आहे, आणि तो वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे योग्य आहे. मोठ्यांमध्ये काही दाणे आपोआप काही महिन्यांत जातात, काही वर्षानुवर्षं राहतात. दिसायला नको असतील तर काढायचे, त्यातही गैर काही नाही. लग्नात आपला चेहरा नितळ दिसावा असं वाटणं साहजिक आहे, त्याबद्दल कुणी तिला बोल लावू नये.

काढायची पद्धत साधी. जागा स्वच्छ करायची, निर्जंतुक नव्या सुईच्या टोकाने दाण्यावरचा पडदा अगदी उथळ, जवळजवळ कातडीला समांतर उचलायचा आणि बारीक कडीच्या उपकरणाने हलकेच दाबायचं. पांढरा, गोल, कडक मणी अख्खा बाहेर येतो. रक्ताचा एखादा थेंब. टाका नाही, पट्टी नाही. बारीक खपली धरते, ती आपोआप पडू द्यायची. जास्त दाणे असतील तर काही जण विजेच्या बारीक टोकाने किंवा लेझरने काढतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला त्यानंतर काळे डाग पडण्याची प्रवृत्ती असते, म्हणून मी स्वतः थोड्या दाण्यांसाठी सुईच पसंत करतो.

पापणीच्या काठावरचा दाणा मात्र घाईने काढायचा नाही. हात हलला तर डोळा आहे. बधिर करायची क्रीमही तिथे चालत नाही, ती डोळ्यात गेली तर बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. असा दाणा त्वचातज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ दोघांपैकी कोणीतरी प्रत्यक्ष बघून ठरवतील.

घरी सुईने काढू नका, इन्स्टावर कितीही सोपं दिसलं तरी. आरशात बघून स्वतःच्या डोळ्याखाली योग्य खोली साधता येत नाही. पिशवीचा तुकडा आत राहिला तर दाणा परत येतो, खोल गेलं तर व्रण.

आणि फार्मासिस्ट दादांनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या ओपीडीत मिलियाने त्रासलेल्या माणसांपेक्षा ट्यूबने त्रासलेली माणसं जास्त येतात.

बाळंतविडा

डॉक्टर, धाग्यात घुसते म्हणून माफ करा, पण माझी काळजी अशीच आहे. माहेरी परभणीला आहे. माझं बाळ आत्ताच महिन्याचं होईल, त्याच्या नाकावर आणि हनुवटीवर जन्मल्यापासून असेच पांढरे ठिपके आहेत. आजी रोज साय-हळद-डाळीचं पीठ लावून नाकावर चोळते, म्हणते घासल्याने जातील. बाळ रडतं. तोंडात टाळूवरही एक पांढरा दाणा दिसला. हे सगळं ठीक आहे ना?

डॉ पंचगंगा

@बाळंतविडा, माफी कसली. अभिनंदन आणि निश्चिंत राहा. नवजात बाळांपैकी जवळपास निम्म्यांना मिलिया असतात. मुख्यतः नाकावर, हनुवटीवर, गालांवर. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातात, मागे डाग ठेवत नाहीत. टाळूवरचा दाणाही ह्याच प्रकारातला, त्याला एपस्टाइन पर्ल म्हणतात, तोही जातो. तो कापडाने घासू नका, दुधाचे दात आलेत असं समजून कोणाला टोकरूही देऊ नका.

आजींचा हात थांबवा, पण प्रेमाने. बाळाच्या कातडीचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, रवाळ पीठ घासलं की त्यावर न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि तिथून जंतू आत जातात. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. आजींना चोळायचंच असेल तर हातापायांना तेलाने हलकं मालिश करू द्या, चेहरा सोडून.

ठिपके पिवळे होऊन पू दिसला, पाणी भरलेले फोड आले, बाळ दूध नीट ओढत नसेल किंवा अंग गरम लागलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. ते मिलिया नव्हेत.

बाळंतविडा

आजीला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'डॉक्टर म्हणतोय तर ठीक' म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं वाचताना, खरंच आभार.

रमाकाकू रत्नागिरी

बाळाला पीठ नको हे पटलं मला. आमच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. पण डॉक्टर, मोठ्या मुलींनी डाळीचं पीठ लावलं तर काय बिघडतं? साबणापेक्षा बरंच की.

डॉ पंचगंगा

काकू, बारीक दळलेलं पीठ धुण्यापुरतं, न चोळता लावलं तर ज्याला सोसतं त्याने जरूर लावावं. माझी आई लावते. फक्त त्याने मिलिया जात नाहीत, कारण पीठ वर आणि दाणा पडद्याखाली. माझा खरा विरोध लिंबू आणि खाण्याच्या सोड्याला आहे. कातडी किंचित आम्लधर्मी असते, साधारण ५ ते ५.५ पीएच. सोडा ते संरक्षण मोडतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे पट्टे महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टही नको.

गोदातीर

डॉक्टर, एक अनुभव आणि एक प्रश्न. माझ्या आईच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पांढरट-पिवळे चपटे चट्टे आले होते. आम्हीही मिलियाच समजत होतो, कारण नेटवर फोटो बघून तसंच वाटलं. नाशिकला डोळे तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बाजूला ठेवून आधी रक्त तपासायला सांगितलं. कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं. आता गोळी चालू आहे. म्हणून सांगावंसं वाटलं, सगळे पांढरे दाणे सारखे नसतात. घरच्या घरी फरक कसा ओळखायचा?

डॉ पंचगंगा

आईंच्या डॉक्टरांनी फार चांगलं काम केलं. ते झँथेलाझ्मा. त्यात चरबी असते, रंग पिवळसर, आकार चपटा, पसरट, बहुधा नाकाकडच्या कोपऱ्यात आणि दोन्ही डोळ्यांना. असे चट्टे असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, म्हणून तपासणी प्रत्येकाने करायची. मिलियाचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही.

घरच्या घरी पक्कं निदान नको, पण अंदाज येतो. डोळ्यांखाली कातडीच्याच रंगाचे, किंचित पिवळट, एकसारखे पुष्कळ उंचवटे, विशेषतः मुलींमध्ये वयात आल्यावर हळूहळू वाढलेले, आई-मावशीलाही तसेच, तर ते बहुधा सिरिंगोमा. ते घामाच्या नळ्यांपासून होतात, निरुपद्रवी असतात, सुईने दाबून त्यातून काही निघत नाही. मिलिया समजून कोणी ते टोचत बसलं तर नुसते व्रण उरतात, हे मी वारंवार बघतो. चाळिशीनंतर कपाळावर-गालावर मधोमध खळगा असलेले पिवळसर उंचवटे म्हणजे वाढलेल्या तैलग्रंथी. ह्यातलं काही मोत्यासारखं चमकतंय, वाढतंय, मधूनमधून त्यातून रक्त येतंय, असं असेल तर मात्र वेळ न घालवता दाखवा.

मास्तर वर्धा

माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या गालांवर मोत्यासारखे गोल दाणे आहेत, मध्ये बारीक खड्डा असलेले. पालकांनी मला विचारलं. हे तेच का?

डॉ पंचगंगा

मध्ये खड्डा हीच खूण. ते मोलस्कम, विषाणूचं. हे मात्र एकमेकांना लागतं. टॉवेल, रुमाल वेगळे, दाणे खाजवायचे-फोडायचे नाहीत. बहुतेक मुलांचं वर्षभराच्या आसपास आपोआप बरं होतं. शाळा बुडवायची गरज नाही. पालकांना एकदा दाखवून यायला सांगा, आणि त्या मुलांना वर्गात कोणी वेगळं बसवणार नाही एवढं तुम्ही बघा.

मास्तर वर्धा

ते नक्की बघतो. धन्यवाद डॉक्टर.

निनाद लीड्स

इथल्या अनुभवाची भर. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, मिलिया दाखवले तर 'निरुपद्रवी आहे, राहू द्या' असंच सांगतात, दिसण्यासाठी काढायचं असेल तर खाजगीत पैसे भरून. सुरुवातीला राग आला होता, पण वरचं वाचून कळलं की सल्ला चुकीचा नव्हता. माझा प्रश्न वेगळा : बायकोच्या कपाळावर कुकरच्या वाफेने भाजलं होतं. जखम छान भरली आणि आता नेमक्या त्याच जागेवर पांढरे दाणे आलेत. बाकी चेहऱ्यावर एकही नाही.

डॉ पंचगंगा

हा मिलियाचा दुसरा प्रकार. भाजणं, फोड, खोल पीलिंग, लेझर, खरचटणं, काहीही होऊन कातडी नव्याने भरते तेव्हा घामाच्या नळ्यांची आणि लवेची तोंडं बंद होतात आणि तिथे दाणे येतात. कातडी सावरली की पुष्कळसे जातात. भाजलेल्या जागेवर उन्हापासून जपणं महत्त्वाचं. काही कारण नसताना हाताच्या पाठीवर वारंवार फोड येऊन तिथे मिलिया उरत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो, पण त्यांच्या बाबतीत तसं दिसत नाही.

कृष्णाकाठची

मंडळी, कळवायला आले. ट्यूब परत केली. दुकानदाराने आधी कुरकुर केली, मग सातारच्या दादांनी सांगितलेली लाल चौकट दाखवल्यावर गुपचूप पैसे दिले.

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत गेलो. गर्दी होती, सकाळ गेली, पण तपासणाऱ्या मॅडमनी भिंगातून एकेक दाणा बघितला. मिलियाच निघाले. रक्त पातळ करणारी काही औषधं, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, जखम झाली की जाड व्रण उठायची सवय, हे सगळं आधी विचारून घेतलं. मग पाकीट समोर फोडून सुई काढली. बहीण म्हणाली, मुंगी चावल्याएवढंच दुखलं. मणी खरंच अख्खे बाहेर आले. पापणीच्या काठावरचा हात न लावता ठेवलाय, 'त्याला लग्नाची घाई नाही' म्हणाल्या. मेकअप दोन दिवस बंद, खपली ओढायची नाही, रोज सनस्क्रीन.

आता उरलेला अर्धा प्रश्न. पुन्हा येऊ नयेत म्हणून काय?

ठाणेकर स्वाती

किती छान झालं! माझ्याकडून एवढंच : रात्री सनस्क्रीन आणि मेकअप पूर्ण उतरवून झोपायचं. वॉटरप्रूफ काजळ नुसत्या पाण्याने निघत नाही, आधी क्लेन्झिंग मिल्कने पुसून मग फेसवॉश. आणि डोळ्यांखाली तूप, खोबरेल, पेट्रोलियम जेली थापायची सवय असेल तर ती सोडायची. लग्न ठरलेल्या मुली 'ग्लो' यावा म्हणून एकावर एक पाच क्रीम लावतात, त्यांच्यात हे दाणे मला जास्त दिसतात.

डॉ पंचगंगा

स्वातीताईंशी सहमत. जाड क्रीमने प्रत्येकाला मिलिया होतात असं नाही, पण ज्यांना वारंवार होतात त्यांना मी डोळ्यांभोवती काहीही जाड लावू देत नाही. सनस्क्रीन मात्र सोडायचं नाही. एसपीएफ ३० किंवा वर, जेल किंवा पातळ लोशन. उन्हाने कातडी जाड होते आणि आपल्याकडे काढलेल्या जागी डागही उन्हानेच गडद होतात. मिलिया पूर्णपणे टाळायची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. काहींची कातडीच तशी असते, त्यात त्यांचा काही दोष नाही.

वारंवार येत असतील तर अडॅपलीन ०.१ टक्के जेल उपयोगी पडतं. पेशी वेळेवर झडायला ते मदत करतं. पण ते गालांसाठी, पापण्यांसाठी नाही. मटाराच्या दाण्याएवढं जेल पापण्या सोडून बाकी चेहऱ्याला, कोरड्या कातडीवर, रात्री, सुरुवातीला एक रात्र आड. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते, लाल होते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून लग्न दारात असताना सुरू करायचं नाही. तेच पील आणि लेझरचं : लग्नाच्या आधीच्या महिन्यात चेहऱ्यावर कुठलाही नवा प्रयोग नको.

सातारी फार्मासिस्ट

डॉक्टरांच्या बोलण्याला जोडून. अडॅपलीन आणि ट्रेटिनॉइन एकाच, रेटिनॉइड वर्गातली आहेत, पण दुकानात 'ट्रेटिनॉइनवाली ट्यूब द्या' म्हटलं की पुष्कळदा तीच तिहेरी मिश्रणाची ट्यूब हातात येते. चिठ्ठी न्या, नाव जुळवा, घटक वाचा.

डॉक्टर निवडतानाही पाटी वाचा. 'स्किन क्लिनिक', 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पदवी नाही. त्वचेची एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खाजगी परवडत नसेल तर पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल, गोव्याचं बांबोळी, सगळीकडे त्वचाविभाग आहे.

कृष्णाकाठची

डॉक्टर, शेवटचं विचारते. तिने लग्नानंतर अडॅपलीन सुरू करायचं ठरवलंय. दोघांना मूल लवकर हवंय, त्याबद्दल ती मला खाजगीत बोलली. चालेल ना?

डॉ पंचगंगा

नाही चालणार, आणि हे विचारलंत ते फार बरं केलं. ह्या वर्गातली औषधं गरोदरपणात आणि गर्भधारणेचा प्रयत्न चालू असताना लावत नाहीत, जेल असलं तरी. तिने ते सुरूच करू नये. दाणे पुन्हा आले तर सुईने काढता येतात, ते गरोदरपणातही करता येतं, किंवा बाळ झाल्यावर बघता येईल. ओपीडीत पुढच्या वेळी जाल तेव्हा मॅडमना हा विचार स्पष्ट सांगा, म्हणजे त्याही चिठ्ठीत तसं लिहितील. पापणीवरचा दाणाही तेव्हाच दाखवा.